भोंगा वाजला नाही म्हणून

आमचे हे कधी चिडत नाहीत. लोक म्हणतात, नशीब काढलंस बाई. मी म्हणते, या, राहून बघा आमच्याकडे. चिडणाऱ्या माणसाचं निदान कळतं तरी, काय बिनसलंय ते. यांची दाढ ठणकत असली तरी हे पानावरून अर्धवट उठतील आणि विचारलं तर म्हणतील, "भूक नाही." मग गाल सुजला की मला कळणार. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय आणि खरं सांगू, आता मला त्याचा शीण आलाय.

हे प्रोग्रॅम लिहितात. म्हणजे हल्ली लिहीत नाहीत, जुने लिहिलेले सांभाळतात. ऑफिसातली तरुण पोरं नवं नवं काहीतरी करतात आणि जुन्यात काही अडलं की "काकांना विचारा" म्हणून यांच्या गळ्यात मारतात. प्रोग्रॅम इतके जुने की लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला असतो. कधी कधी तर लिहिणारे हेच असतात आणि यांनाच आठवत नसतं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ऑफिसने सांगितलं, काका, तुम्ही घरूनच करा काम. झालं, आमच्या जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग गेला. उरलेल्या अर्ध्यावर माझं शिवणयंत्र. मी नवे कपडे शिवत नाही, आहेत तेच दुरुस्त करते. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, अंगाने भरलेल्या माणसाची कंबर सैल करायची. दिवसभर मी उसवत बसते आणि हे समोर वाचत बसतात. मधे सासूबाईंची खुर्ची, कारण त्यांना दोघांवरही नजर ठेवायची असते.

त्या दिवशी सकाळी यांच्या साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमच्या लेकीच्या वयाचा मुलगा. हे फोन नेहमी टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावतात, त्यामुळे घरातलं मांजरसुद्धा ऐकतं.

"काका, तो रक्तपेढीचा प्रोग्रॅम तुमचाच ना?"

"माझाच. का?"

मग साहेबांनी जे सांगितलं ते मला नंतर यांच्याकडून नीट समजून घ्यावं लागलं. एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत एक थंड खोली आहे, तिथे रक्ताच्या पिशव्या ठेवतात. ती खोली तापायला लागली की यांचा प्रोग्रॅम एक ओळ लिहितो, खोली तापतेय, बघा. ती ओळ छपाईच्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमकडे जाते, तो ती चिठ्ठीवर छापतो आणि पाळीवरची टेक्निशियन चिठ्ठी फाडून धावत सुटते. आता समजा, ओळ पाठवताना मधेच काही अडलं आणि छापलंच गेलं नाही तर? त्याचीही सोय यांनी केली होती. ओळ पाठवताना काहीही चूक झाली की ताबडतोब भोंगा वाजायचा. म्हणजे एक तर चिठ्ठी येणार, नाहीतर भोंगा वाजणार. तिसरं काही होऊच शकत नाही, असं यांनी तेव्हा ठरवून टाकलं होतं.

आणि मागच्या आठवड्यात तिसरंच झालं. खोली तापली. सगळ्या पिशव्या फेकून द्याव्या लागल्या. लोकांनी दंड पुढे करून दिलेलं रक्त, गटारात गेलं. ज्यांची ऑपरेशनं ठरली होती ते तसेच ताटकळत राहिले. पाळीवरची टेक्निशियन बाई म्हणाली, चिठ्ठी आली नाही आणि भोंगाही वाजला नाही. हॉस्पिटलवाले यांच्या कंपनीला विचारायला आले. कंपनीने हिशेब सोपा लावला. भोंगा वाजला नाही, म्हणजे छापताना काही अडलं नाही. अडलं नाही, म्हणजे चिठ्ठी छापली गेली. म्हणजे बाईने ती पाहिली नाही, आणि नंतर अंगाशी येईल म्हणून फेकून दिली. हॉस्पिटलने बाईला घरी बसवलं होतं. आता समिती बसणार होती आणि समितीने दोषी म्हटलं, की त्या बाईला पुन्हा कुठल्या हॉस्पिटलात कुणी दारातही उभं करणार नव्हतं.

"काका, तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या," साहेब म्हणाले. "भोंगा वाजला नाही, याचा अर्थ चिठ्ठी छापली गेली. बस."

"बघून सांगतो," हे म्हणाले.

"त्यात बघायचं काय? प्रोग्रॅम तुमचाच आहे."

"माझाच आहे म्हणून तर बघतो."

फोन ठेवल्यावर मी शिवणातून डोकं वर काढलं. "हे बघा, तुमच्या प्रोग्रॅममधे खोट निघाली, तर खापर तुमच्याच डोक्यावर फुटणार. ते साहेब तुम्हाला घरी बसवायला कारणच शोधतायत."

"घरीच तर बसलोय," हे म्हणाले आणि लॅपटॉप उघडला. असा माणूस. डोकं आपटून घ्यावं की नाही?

हॉस्पिटलचा तो कॉम्प्युटर चौकशीसाठी कुलपात टाकलेला, त्याला हात लावायची सोय नव्हती. हातात होता तो फक्त यांचा जुना प्रोग्रॅम. त्यात ओळ बाहेर पाठवायचं काम एकाच वाक्यात होतं. सिस्टीम डॉट आउट डॉट प्रिंटलाइन. मला हे पाठ झालंय, कारण पुढचे दोन-तीन दिवस घरात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. जावा नावाची त्यांची भाषा, त्या भाषेत काहीही बाहेर बोलायचं म्हणजे हेच वाक्य. शिकायला बसलेला माणूस पहिल्या दिवशी पहिलं हेच लिहितो.

"मग तुम्हाला ते कळत नाही का?" मी विचारलं.

"वापरता येतं. आत काय आहे ते कधी पाहिलं नाही."

"एवढ्या वर्षांत?"

"नळ सोडला की पाणी येतं. टाकीवर चढून कोण बघतं?"

पण आता चढणं भाग होतं. ती भाषा बनवणाऱ्यांनी तिचा सगळा कोड उघडा ठेवलाय, ज्याला बघायचा त्याने बघावा. यांनी हॉस्पिटलमधे होती तीच जुनी आवृत्ती शोधून काढली, तेवढ्यातच अर्धा दिवस गेला. नव्यात बघून जुन्याबद्दल बोलायचं नाही, हा यांचा हट्ट. मग ते "आउट" कुठे आहे ते शोधायला बसले. मी एका कोटाचं अस्तर उसवत होते. एकदम यांच्या तोंडून "अरेच्चा" निघालं. यांच्या तोंडून अरेच्चा म्हणजे दुसऱ्याने किंकाळी फोडल्यासारखं आहे.

"काय झालं?"

"इथे काहीच नाही. आउट म्हणून नाव आहे आणि समोर लिहिलंय, रिकामं."

"मग इतकी वर्षं तुम्ही कशातून छापत होता?"

सासूबाई हसल्या. हेही हसले, पण दमल्यासारखे. मग समजावून सांगायला लागले. नाव लिहिताना रिकामं ठेवलेलं असतं, प्रोग्रॅम सुरू होताना कुणीतरी मागच्या दाराने येऊन खरी वस्तू तिथे ठेवतं. ती खरी वस्तू शोधायला हे दुसऱ्या फाईलमधे गेले. ती म्हणाली, मी नाही छापत, मी पुढे देते. तिसरी म्हणाली, मी थोडं साठवते आणि पुढे देते. चौथी म्हणाली, मी अक्षरांचे आकडे करते आणि पुढे देते. आमच्या कचेऱ्यांसारखंच सगळं, या टेबलावरून त्या टेबलावर. अस्तराखाली अस्तर निघत गेलं. यांचे डोळे लाल झाले, मान आखडली. मी गरम पाण्याची पिशवी मानेमागे ठेवली ती गार होऊन खाली पडली तरी यांना पत्ता नाही.

शेवटी जावाही संपली. तळाशी सी नावाची त्याहून जुनी भाषा निघाली आणि तिच्यात एक छोटंसं काम लिहिलेलं. अक्षरं घ्यायची आणि मशीनच्या हातात द्यायची. आणि मशीन नाही म्हणालं तर?

"हे बघ," हे मला म्हणाले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली, जशी काही मला ती वाचता येते. "मशीनने नकार दिला तर इथून चूक वर फेकली जाते. म्हणजे ती माझ्यापर्यंत यायलाच हवी. आली की भोंगा वाजणार. वाजला नाही, म्हणजे छपाई नीट झाली."

"म्हणजे तुमचं बरोबर होतं?"

"बरोबर दिसतंय."

मला हायसं वाटलं, कशाला खोटं बोलू? मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. "म्हणजे ती बाई खोटं बोलतेय?"

हे फोनकडे वळले. साहेबांना फोन लावला, दोन ओळी लिहून पाठवल्या. साहेब म्हणाले, "मी म्हटलंच होतं!" आणि इतके खूश झाले की काकांच्या गुडघ्यांची चौकशीसुद्धा केली. जेवायला हाक मारली तर यांना भूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर हे पुन्हा त्याच उद्योगाला लागलेले. म्हटलं, आता काय? म्हणाले, समितीला नुसतं तोंडी सांगून पटायचं नाही, एक छोटा प्रोग्रॅम करून दाखवतो. छपाई मुद्दाम तोडायची आणि भोंगा कसा वाजतो ते त्यांना ऐकवायचं. यांनी खरंच कपाटातून एक भोंगा काढून लॅपटॉपला जोडला. तो आमच्या घरात होता हे मलाही माहीत नव्हतं, अजून काय काय आहे देव जाणे. "मोठा आवाज होईल हं," म्हणाले. सासूबाईंनी दोन्ही कानांत कापूस कोंबला. मी सुई बाजूला ठेवली, दचकून बोटात जायला नको.

यांनी छपाई तोडली आणि आम्ही तिघं श्वास धरून बसलो.

काही नाही.

"वाजला का?" सासूबाईंनी ओरडून विचारलं.

"नाही अजून!"

यांनी वायर तपासली. मी प्लग दाबून बघितला, कारण आमच्या घरात निम्मी दुखणी प्लगचीच असतात. पुन्हा केलं. पुन्हा शांत. मग यांनी मधलं सगळं सोडून भोंगा नुसताच वाजवून पाहिला, तर काय सांगू, कापसातूनसुद्धा सासूबाई खुर्चीतून उडाल्या आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाय आपटले. भोंगा ठणठणीत होता. पुन्हा छपाई तोडून प्रोग्रॅम चालवला तर चिडीचूप. आणि प्रोग्रॅम आपला मजेत पुढे चाललेला. घे ओळ, टाक बाहेर, घे ओळ, टाक बाहेर. बाहेर घ्यायला कुणी नाही याचं त्याला सोयरसुतक नाही.

सासूबाईंनी कापूस काढला आणि म्हणाल्या, "झालं का? मला चहा हवाय."

हे खुर्चीत मागे टेकून बसले. मला ते बसणं आवडलं नाही. मग म्हणाले, "खालून वर येतो आता." म्हणजे काय, तर तळाशी चूक वर फेकली जाते हे पाहिलं होतं. आता ती चूक एकेक मजला चढत कुठवर येते ते बघायचं. उतरताना हे काम कोण पुढे देतं तेवढंच बघत गेले होते. या वेळी चूक झाली तर कोण काय करतं ते बघत निघाले. पहिल्याने वर दिली. दुसऱ्याने वर दिली. दुपार कलायच्या आत सापडलं.

"इथे अडते," हे म्हणाले. अगदी वरच्या मजल्यावर, यांच्या प्रोग्रॅमच्या उंबऱ्याशी. "हा चूक झेलतो, आणि स्वतःजवळ एक खूण करून ठेवतो. ट्रबल, म्हणजे काहीतरी अडलंय, हे खरं. बस."

"बस म्हणजे? पुढे काय?"

"पुढे काही नाही. ओरडत नाही, थांबत नाही. कुणी येऊन विचारलं, बाबा रे, काही अडलंय का, तर हो म्हणतो. नाही विचारलं तर गप्प."

मी यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. "हे लिहिलंय कुणी? तुमच्या घराण्यातल्या कुणी?"

"काय म्हणाली ती?" सासूबाईंनी विचारलं.

बरं, ही काही लपवाछपवी नव्हती म्हणे. त्या फाईलच्या वरच, पहिल्याच परिच्छेदात साफ लिहिलंय, की हा कधी चूक वर फेकत नाही, हवं तर तुम्ही येऊन विचारा. साध्या कामांत ते सोयीचंच असतं. मी म्हटलं, "मग तुम्ही वाचलं का नाही?" तर म्हणाले, "छापायचं कसं, हे कोण वाचत बसतं?" खरंच होतं. भोंगा यांनी हौसेने, काळजीने लावला होता. पण जो कधी ओरडतच नाही त्याच्या ओरडण्यावर लावला होता. इतकी वर्षं तो भोंगा वाजला नाही आणि इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं, की सगळं ठीक आहे.

"म्हणजे ती बाई खरं बोलतेय," मी म्हटलं.

"खरं बोलत असेल. भोंगा वाजला नाही, यावरून काहीच ठरत नाही."

"आणि काल तुम्ही लिहून दिलंय."

"काल लिहून दिलंय."

तेव्हा मात्र माझा तोल सुटला. घाबरले की मी भांडते, माझा स्वभावच आहे. म्हटलं, एक दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं? आधी भोंगा वाजवून बघायचा होता, मग फोन करायचा! आता साहेब काय सोडतील तुम्हाला? तुमच्या वयाला कोण देणार काम? मी किती चेना बदलू? बोलता बोलता मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. हे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तुझं सगळं बरोबर आहे," आणि फोन उचलला. आता अशा माणसाशी भांडण तरी पुढे कसं न्यायचं?

यांनी सगळं सांगितल्यावर साहेब म्हणाले, "काका, हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग? तुमचं पत्र समितीकडे गेलंय. परवा ते एवढंच विचारणार, भोंगा वाजला नाही ना? तुम्ही म्हणायचं, नाही वाजला. खरंच आहे की ते! खोटं बोला असं कोण म्हणतंय?"

हे "हं" म्हणाले. यांच्या हं वरून मलाच आजवर काही कळलेलं नाही, साहेबांना काय कळणार?

समितीच्या दिवशी मी सोबत गेले. कारण सांगितलं गुडघ्यांचं, खरं कारण, मला घरी बसवलं नसतं. रक्तपेढी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर आणि नेमकी लिफ्ट बंद. कठडा धरून, मधे थांबत, हे कसेबसे वर पोचले. एक लांब बोळ, फिनाईलचा वास, भिंतीशी लाकडी बाक. साहेब आधीच आलेले. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं आत गेले. मी बाकावर टेकले. शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी, तिचे बंद मुठीत घट्ट धरलेले. चाळिशीची असेल. चेहरा असा, की बरेच दिवस धड झोप नाही.

"तुम्ही कंपनीकडून?" तिने विचारलं.

"नाही. आत गेले ना, त्यांची बायको मी."

"कुठले? ते म्हातारे?" मग जरा थांबून म्हणाली, "त्यांनीच लिहून दिलंय ना, मी चिठ्ठी फेकली म्हणून?"

मला बोलायचं होतं पुष्कळ. पण आत हे काय बोलतील याची मलाच खात्री नव्हती. मी मान खाली घातली. तिला त्यातच उत्तर मिळालं असावं. ती पिशवी घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

खोलीचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं ऐकू येत होतं. समितीवरच्या डॉक्टरबाई विचारत होत्या, "त्या दिवशी भोंगा वाजला नाही, बरोबर?"

"बरोबर," हे म्हणाले.

"म्हणजे चिठ्ठी छापली गेली. तसं तुमचं पत्र आहे."

मी बाकाची कड धरून ठेवली. हे "हं" म्हणतील आणि संपेल सगळं, असं मला वाटलं.

"ते पत्र चुकीचं आहे," यांचा आवाज आला. "मी लिहिलं, मला कुणी लिहायला लावलं नाही. भोंगा न वाजण्याला काही अर्थ नाही. चिठ्ठी छापली गेली नसती तरी तो गप्पच राहिला असता. चूक माझ्या प्रोग्रॅममधे आहे. दाखवतो."

आणि मग दाखवलं यांनी. लॅपटॉपवर छपाई तोडून दाखवली, कागदावर काढून आणलेला कोड दाखवला, वरपासून तळापर्यंत आणि तळापासून वर. साहेब मधे मधे "काकांचं म्हणणं तांत्रिक आहे" असं म्हणत राहिले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या." यांना एवढं सलग बोलताना मी आमच्या लग्नातही ऐकलं नव्हतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईने पिशवीचे बंद सोडले आणि तोंडावर पदरासारखा रुमाल धरला. ती रडत होती की नुसती श्वास घेत होती, मला कळलं नाही.

मग तिला आत बोलावलं. आरोप मागे घेतलाय, पुढच्या आठवड्यापासून कामावर या, असं सांगितलं. साहेब बाहेर आले. माझ्याकडे बघितलं नाही. यांना म्हणाले, "काका, आता तुम्ही आराम करा." कसल्या आरामाबद्दल बोलत होते ते आम्हा दोघांनाही कळलं. ते भराभरा जिना उतरून गेले.

आम्ही सावकाश उतरायला लागलो. मला सुटल्यासारखं वाटत होतं, यांचा अभिमान वाटत होता आणि उद्यापासून काय, ही काळजीही होती. एकावर एक सगळं. अर्ध्या जिन्यात मागून पावलं आली. ती बाई होती. आम्ही बाजूला झालो, तर ती पुढे न जाता थांबली.

हे म्हणाले, "माफ करा."

"माफीचं राहू द्या," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण राग काठोकाठ. "मला एक सांगा. आत तुम्ही म्हणालात, हे शोधायला फार खाली जावं लागलं. कुठवर?"

"भाषेच्या पार तळापर्यंत," हे म्हणाले.

"माझं घर इथे मागच्या गल्लीत आहे." तिने बोटाने जिन्याच्या खिडकीकडे दाखवलं. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चिठ्ठी आली नाही. तुम्ही तळापर्यंत गेलात. माझ्याकडे कुणी आलं नाही."

मला वाटलं, हे आता नेहमीसारखे गप्प बसतील. यांनी कठडा धरला आणि हळूहळू पायरीवर बसले. "यायला हवं होतं," म्हणाले. "आता सांगाल? त्या दिवशी काय झालं?"

तिने यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला हसावं की निघून जावं ते कळत नसावं. शेवटी भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय होणार? मी प्रिंटरसमोर बसले होते. पाणी प्यायलाही उठले नाही. थंड खोली तिथून चार पावलांवर. मनात येत होतं, एकदा दार उघडून बघावं, आज मोटरचा आवाज वेगळा येतोय. पण प्रिंटरच्या वर पाटी आहे. चिठ्ठी आल्याशिवाय दार उघडू नये, गारवा जातो. नवीन लागले तेव्हा एकदा उघडलं म्हणून बोलणी खाल्ली होती. म्हणून बसून राहिले. चिठ्ठीची वाट बघत." तिने नाक पुसलं. "मला सारखं वाटतं, मी उठायला हवं होतं. पण पाटी होती."

हे आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

"ती पाटी मी लावली," हे म्हणाले. "प्रोग्रॅम बसवला त्याच दिवशी. मीच लिहिली."

खालून कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचा आवाज जिन्यात घुमून विरला. मला वाटलं आता ही यांना काहीबाही बोलेल, आणि बोलली असती तर मी अडवलं नसतं.

"अजून तिथेच आहे ती," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात मला पुन्हा तिच्याखाली बसायचंय. आधी ती काढा."

यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी ओढून उभं केलं. ती पुढे झाली आणि हे कठडा धरून तिच्या मागे पुन्हा वर चढायला लागले.